नेवेनाच्या नावाचा दिवस

माणसं मला गुडघ्यापासून खालीच दिसतात. माझं दुकान तळघरात आहे आणि त्याची खिडकी फुटपाथच्या पातळीला. गिऱ्हाईक आलं की रस्त्यावर उकिडवं बसतं, खिडकीत तोंड घालतं आणि सिगरेट, बिअर नाहीतर सूर्यफुलाच्या बिया मागतं. सोफियात पूर्वी अशी दुकानं पैशाला पासरी होती, आता माझ्यासारख्या हट्टी बायकांचीच उरली आहेत. कंबर धरलेले म्हातारे मला शिव्या घालतात, मी त्यांना उलट घालते, आणि धंदा चालतो. बुटांवरून माणूस ओळखायची एकदा सवय लागली की चेहऱ्याचं फारसं कौतुक राहत नाही. म्हणूनच असेल, विहराच्या ज्या चेहऱ्यावर लोक जीव ओवाळून टाकत होते, तो मला पहिल्यापासून आवडला नाही.

विहरा आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत भाड्याने राहायची. विद्यापीठात ती नेमकं काय शिकते हे मला फार दिवस कळलं नव्हतं. मोबाइलवर माणसं स्वतःला कशी दाखवतात, त्यात खरं किती नि सोंग किती, बघणारे कशाला भुलतात, असलं काहीतरी.

"त्यात शिकण्यासारखं काय आहे?" मी एकदा विचारलं. "सोंग तर आमच्या वेळीही लोक आणायचे."

"तुमच्या वेळी सोंग घेऊन फार तर चौकापर्यंत जाता यायचं, मावशी," ती म्हणाली. "आता जगभर जाता येतं."

तिची खोली थंड आणि माझ्याकडे हीटर, त्यामुळे हिवाळ्यात पोरगी बिअरच्या खोक्यावर बसून माझ्याच दुकानात अभ्यास करायची. सडपातळ, तीक्ष्ण नाकाची, बोलायला फटकळ. मला तशी माणसं आवडतात.

तिचं एक जुनं दुखणं होतं. तिच्या नावाला दिवस नव्हता. आमच्याकडे वाढदिवसापेक्षा नावाच्या दिवसाचं कौतुक जास्त. संत निकोलाचा दिवस आला की सगळे निकोला, ईस्टरआधीच्या फुलांच्या रविवारी झाडून सगळ्या फुलांच्या नावाच्या बायका. वाढदिवसाला बोलावणं लागतं, नावाच्या दिवसाला कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला आठवण असेल तो येतो, आणि आलेल्याला दार उघडायचं. विहरा म्हणजे वावटळ. ती जन्मली त्या दिवशी वाऱ्याने दवाखान्याचे पत्रे उडवले म्हणून बापाने हौसेने ठेवलेलं नाव. असल्या नावाचा संत कुठून आणायचा?

बाप देल्चो मोठ्या गाडीवर ड्रायव्हर, सदा युरोपभर रस्त्यावर. विहराची आई इटलीत एका म्हातारीची सेवा करायला गेली आणि तिकडचीच झाली. मग पोरगी काकाकडे वाढली. काकाच्या मुलीचं नाव लिलिया. दर फुलांच्या रविवारी लिलियासाठी घर माणसांनी भरायचं, फुलं ठेवायला बादल्या पुरायच्या नाहीत, आणि विहरा आत ग्लास विसळत उभी.

"मला तिचा गळा दाबावासा वाटायचा," विहरा मला सरळ म्हणाली. "बिचारी मला चांगली वागवायची, म्हणून तर जास्तच."

गेल्या शरद ऋतूत तिच्या सरांनी वर्गाला एक काम दिलं. तुम्ही नाही असं एक माणूस मोबाइलवर जन्माला घाला, काही महिने जगवा आणि लोक त्याच्याशी कसे वागतात ते लिहून आणा. आमच्या विहराबाईंनी काय केलं असेल? सगळ्यात आधी फुलाचं नाव ठेवलं. नेवेना. झेंडूच्या जातीचं, दारादारांत फुलणारं ते पिवळं फूल. मग मोबाइलमधल्या कसल्याशा करामतीने स्वतःचं नाक बोथट केलं, गाल भरले, गालांवर खळ्या पाडल्या आणि आवाज मधात बुडवून काढला.

"ही कोण?" मी पडद्यावर बघून विचारलं.

"मी."

"तुझ्यात काय कमी होतं?"

"सगळंच," ती म्हणाली आणि हसली. ते हसू पडद्यावर खळ्यांसकट दिसलं, आणि खोक्यावर बसलेल्या पोरीच्या तोंडावर मात्र बिनखळ्यांचं.

नेवेना करायची काय? फारसं काही नाही. कधी वरच्या स्वयंपाकघरात, कधी माझ्याच दुकानात बसून अक्रोड फोडायची, मिरच्या भाजून सोलायची आणि लोकांचे निरोप वाचायची. आमचा अर्धा देश परदेशात. कुणी जर्मनीत भिंती बांधतो, कुणी स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडते. त्यांना ती विचारायची, "आज ताटात काय आहे? खरं सांगा हं." बस, एवढ्याने लोक धो धो बोलायला लागले. कुणी एकटं जेवत असल्याचं सांगायचं, कुणी रडायचं. ती उत्तर द्यायची आणि लोकांना वाटायचं, ही आपलीच कुणीतरी.

माझ्याही पोटात दुखलं, का लपवू? माझा कामेन शिकागोत घरं रंगवतो. एकदा त्याचा फोन आला आणि "आई, तब्येत कशी आहे" याच्या आधी तो म्हणाला, "आई, ती नेवेना तुझ्या दुकानाच्या वर राहते का गं? तिच्या मागे तुझी खिडकी दिसली." मी म्हटलं, माझी खिडकी तिच्या मागे नाही, ती माझ्या खिडकीपुढे आहे. फोन ठेवला आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसले.

नाताळ उलटल्यावर एका सकाळी विहरा धडधडत जिना उतरून आली. "मावशी, ऐका," म्हणाली आणि मोबाइल माझ्या कानाशी धरला. पुरुषाचा खरखरीत आवाज. तो नेवेनाला सांगत होता की फ्रान्समध्ये कॅलेच्या बोटीच्या रांगेत त्याने बीन्सचा डबा इंजिनावर गरम करायला ठेवला आणि डबा फुटला, शर्ट अजून धुतला नाही, आणि बाजूच्या पोलिश ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या. मजेदार सांगत होता. मी हसले.

"कोण हा?"

"बाबा," ती म्हणाली. तीही हसत होती. "त्याला माहीतच नाही!"

"मग सांगून टाक."

"सांगते ना. रविवारी त्याचा फोन येतो तेव्हा."

रविवारी फोन आला तेव्हा ती माझ्यासमोरच होती. मी कान देऊन ऐकलं. जेवलीस? हो. पैसे आहेत? आहेत. थंडी? आहे. बरं. संपलं. पोरगी मोबाइलकडे बघत राहिली. तासाभराने त्याच बापाचा नेवेनाला निरोप आला, इतका लांब की माझं दूध उतू जाऊनसुद्धा संपला नाही.

तिथून तिचा जळफळाट सुरू झाला. बापाने नेवेनाला काय काय नाही सांगितलं! बायको गेल्यावर तिचा कंगवा त्याने वर्षभर गाडीत ठेवला होता. मग हंगेरीत रागाने खिडकीतून फेकला, आणि पुढे गाडी थांबवून, मागे चालत जाऊन गवतात शोधला. हे त्याने सख्ख्या भावालाही सांगितलेलं नव्हतं. विहरा ऐकायची, नेवेनाच्या मधाळ आवाजात उत्तर द्यायची, आणि मोबाइल खाली ठेवला की तिचं तोंड कडू झालेलं असायचं.

"अगं, ती तूच आहेस ना?" मी म्हणायचे.

"मी नाही! मी असते तर माझ्याशी बोलला नसता का? माझ्याशी बोलताना त्याला कंगवा आठवत नाही. तिच्याशी बोलताना आठवतो. का? तिने काय केलंय त्याच्यासाठी? मी त्याचे मोजे धुतलेत!"

सवतीचा मत्सर मी पुष्कळ पाहिला आहे. स्वतःच घडवलेल्या सवतीचा पहिल्यांदा पाहिला.

मग तिने बापाची परीक्षा घेतली. नेवेनाने त्याच्या निरोपांना उत्तर देणं बंद केलं. त्याच सुमाराला विहरानेही त्याचे फोन उचलले नाहीत. मला सांगत होती, "आता बघू, आधी कुणाची काळजी करतो." पोरीला मी म्हटलं, असले खेळ खेळू नकोस, हरशील. हरलीच. नेवेनाला निरोपावर निरोप आले. बरी आहेस ना? काही लागलं का माझं बोलणं? रागावलीस का, ताती?

विहराला त्याने एक ओळ पाठवली. अभ्यास असेल, नंतर बोलू.

'ताती' म्हणजे बाबा. आमच्याकडे लेक बापाला ताती म्हणते आणि लाडात आलेला बापही लेकीला तेच म्हणतो. तो शब्द देल्चोने लेकीसाठी कधी वापरायचा सोडला होता ते तिला आठवतही नव्हतं. आता तो त्याने नेवेनाला दिला. त्या दिवशी विहरा खोक्यावर बसून ढसाढसा रडली, आणि खिडकीत आलेल्या गिऱ्हाइकाला मी दुकान बंद आहे म्हणून हाकलून लावलं.

"मारून टाकते तिला," ती म्हणाली. "आज सगळं पुसून टाकते."

"टाक."

पण टाकलं नाही. बाप तिथेच तर बोलत होता. तिला पुसलं असतं तर तेवढंही गेलं असतं. उलट डोळे पुसून तिने नेवेनाकडून त्याला विचारलं, "काका, तुम्हाला मुलंबाळं आहेत का?"

उत्तर फार उशिरा आलं. एक मुलगी आहे. हुशार आहे. माझ्यासारख्या माणसाशी ती काय बोलणार? आणि त्यानंतर: फुलांच्या रविवारी मी सोफियात आहे.

विहराने मला मिठी मारली. मला! माझ्या एप्रनला बिअरबरोबर विकायच्या सुक्या माशांचा वास येत होता तरी. "येतोय, मावशी! विचारल्यावर लगेच येतोय! मी त्याला सणाचे मासे करून घालीन, खोली आवरते." ती जिन्याकडे धावली, आणि पायरीवरच थबकली. मोबाइल पुन्हा वाजला होता. देल्चोने लिहिलं होतं: तू म्हणालीस ना, दार उघडं आहे. मग तुझ्याकडेच येतो आधी. पत्ता शोधून काढीन, खिडकी ओळखीची झाली आहे.

म्हणाली होती खरंच. मागे कधीतरी मिरच्या सोलता सोलता नेवेना बोलून गेली होती, "फुलांच्या रविवारी माझ्याकडे दार उघडं हं!" इथे कुणीही बोलतं तसं. मी बोलते, शेजारची बोलते, तोंडात बसलेलं वाक्य आहे. इतकं शिकलेली पोरगी, माणूस बनवताना नाक, गाल, आवाज सगळ्याचा विचार केला. पण ज्या बाईला घरच नाही तिच्या नावाचा दिवस आपल्या लोकांपुढे काढला की लोक फुलं घेऊन येणारच, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

आणि आले. फुलांच्या रविवारी चर्च सुटलं आणि पडद्यावरची खिडकी ओळखून आलेल्यांच्या बुटांची माझ्यापुढे दाटी झाली. बायकांचे सणाचे बूट, तरुण पोरांचे पांढरे, कुणाच्या हातातून चर्चमध्ये मिळालेल्या विलोच्या डहाळ्या लोंबत असलेल्या. लोक बेल वाजवत होते, वर राहणाऱ्या एका म्हाताऱ्याला नेवेनाचे आजोबा समजून हात मिळवत होते. विहरा आतल्या जिन्याने खाली आली आणि बियांच्या पोत्यामागे बसली.

"लपवा मला, मावशी."

"लपून काय होणार? तुझा बाप येणार आहे ना?"

"माझ्याकडे नाही येत आहे तो. तिच्याकडे येतोय. आणि ती कुठून आणू मी?"

मी खिडकीतून ओरडत होते, "काही घ्यायचं नसेल तर उजेड सोडा!" तेवढ्यात एक जोडी येऊन उभी राहिली. जड, तेलकट, उजव्या टाचेला बाहेरून झिजलेली. गाडीच्या पेडलवर पाय ठेवणाऱ्याची टाच. मागे पोरीने पोतं घट्ट धरलं. तो उकिडवा बसला. मोठं डोकं, नुकतीच केलेली दाढी, हातात ट्युलिप.

"माफ करा, ताई. नेवेनाची बेल कोणती?"

"तुम्ही तिचे कोण?"

"कुणी नाही." तो ओशाळला. "ऐकतो तिला. गाडीत."

मला राहवलं नाही. "स्वतःची पोरंबाळं नाहीत वाटतं?"

"आहे ना, मुलगी आहे. इथेच शिकते."

"आणि ती सोडून फुलं दुसरीच्या दारात?"

त्याने ट्युलिपचा कागद चिमटीत धरून सरळ केला. "तिच्याकडे जायचंच आहे. पत्तासुद्धा माहीत नाही मला, खोकी पाठवतो ती कुरियरच्या ऑफिसात उतरतात. खरं सांगू का, ताई? या नेवेनाला विचारणार होतो, लेकीशी कसं बोलावं. तिला फोन लावला की माझं तोंडच उघडत नाही. जेवलीस का, एवढंच येतं. ती हो म्हणते. मग वाटतं, तिला घाई असेल."

"तिच्यासाठीही आणायची होती फुलं."

"तिच्या नावाला दिवस नाही," तो म्हणाला. "नाव मीच ठेवलं. चुकलंच."

मागे पोतं कलंडलं. बिया जमिनीभर झाल्या आणि त्या तुडवत विहरा पुढे आली. मला बाजूला सारून तिने खिडकीत तोंड घातलं. बापलेकीची नाकं अगदी समोरासमोर आली, आणि तेव्हा मला दिसलं की ते तीक्ष्ण नाक त्याचंच.

"विहरा? तू इथे कामाला आहेस? पैसे पुरत नाहीत का? मला सांगायचंस ना!"

"कामाला नाहीये, बाबा. नेवेना मीच आहे."

तो हसला. "काहीतरीच. तिच्या गालांना खळ्या आहेत."

"कॅलेला बीन्सचा डबा फुटला," ती म्हणाली. "पोलिश ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या. आईचा कंगवा तू हंगेरीत गवतात शोधलास. सापडल्यावर त्याचे दोन दात मोडलेले होते."

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळ्यांतला भाव पालटला. आधी त्याला काही कळेना, मग सगळंच कळलं. तो उठून उभा राहिला. आता आम्हाला फक्त बूट दिसत होते. ट्युलिप फुटपाथवर ठेवले गेले, आणि बूट खिडकीच्या चौकटीबाहेर निघून गेले.

"गेला," विहरा म्हणाली. ती बियांतच खाली बसली. "बघितलंत? तिच्यासाठी आला होता. ती नाही म्हटल्यावर गेला. माझ्यासाठी थांबलासुद्धा नाही."

तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल वाजला. तिने बघितलं आणि तिचं तोंड संतापाने लाल झालं.

"त्याचाच आहे. तिला! आत्तासुद्धा तिलाच!"

ती मोबाइल भिंतीवर आपटणार होती. मी तो हिसकावून घेतला आणि निरोप लावला. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज, आणि त्यात देल्चोचा.

"नेवेना, देल्चो बोलतोय. नावाच्या दिवसाच्या शुभेच्छा. आलो होतो. तुझ्या घराखाली माझी मुलगी भेटली. हे बघ, तू माझं ऐकून घेतलंस, फार उपकार झाले. पण आता यापुढे मला तुझ्यासाठी वेळ होणार नाही. जे काही असेल ते तिलाच सांगावं म्हणतो. जमेल का, माहीत नाही. लाज वाटते आहे. पण तू रागावू नकोस. आणि तिला एवढं सांग, मी कोपऱ्यावर उभा आहे. या शहरातलं मला काही कळत नाही. चांगला मासा कुठे मिळतो ते तिने दाखवलं तर बरं होईल."

विहराने बाहीने नाक पुसलं. केसांतल्या बियांसकट जिन्याने वर पळाली, आणि रस्त्याकडचं दार आपटल्याचा आवाज आला. मोबाइल माझ्याच हातात राहिला. त्यावर नेवेनाला शुभेच्छा येत होत्या, एकामागून एक.

मला त्या पोरीचा हेवा वाटला. चांगलाच वाटला. आनंद झाला नाही असं नाही, पण आधी हेवाच वाटला. माझ्या कामेनने शिकागोहून येऊन माझ्या खिडकीपुढे कधी गुडघे वाकवले आहेत?

मी बिया झाडायला घेतल्या. तेवढ्यात खिडकीपुढे एक म्हातारी कण्हत कण्हत उकिडवी बसली, सणाचा रुमाल बांधलेली, हातात विलोची डहाळी.

"ताई, वर कुणी दार उघडत नाही. नेवेना घरी आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "तिचे वडील आलेत. त्यांच्याबरोबर मासे खायला गेली आहे."

"अगंबाई! तिला वडील आहेत? कधी बोलली नाही."

"आजच आलेत," मी म्हटलं.